मुंब्र्याचं वळण

डोंबिवलीत सकाळी साडेआठ, पावणेनऊ असल्या ढोबळ वेळा चालत नाहीत. तिथे आठ बेचाळीस वाजतात, आठ एक्कावन्न वाजतात. लग्नाचा मुहूर्त टळला तरी अक्षता पडायच्या राहत नाहीत. आठ एक्कावन्न टळली की दिवसच टळतो. पुढची गाडी चारपाच मिनिटांत येते, हे खरं आहे. पण ती बदलापूरहून भरून आलेली असते, म्हणजे आलेली असून नसल्यासारखीच. मग नऊ पाच, मग ऑफिसच्या दारातलं बोट टेकवायचं यंत्र, मग लेट मार्क, आणि तीन लेट मार्कांची अर्धी रजा. हा हिशोब तोंडपाठ असलेल्या बाईला ताण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तिचा ताण स्टेशनात सुरू होत नाही, ओट्यापाशी सुरू होतो. आठ एक्कावन्नपासून उलटं मोजत जायचं: जिना, रिक्षाची रांग, मुलाची स्कूलबस, डबे, कुकर, दूध. कुकरची एक शिट्टी उशिरा झाली तर तिचा आवाज थेट दादरला ऐकू येतो.

फलाटावर आलं की मात्र घाई दिसत नाही. माणसं ठरलेल्या जागी थिजून उभी असतात. दार नेमकं कुठे येणार, हे त्यांच्या पायांना ठाऊक असतं. फरशीतला एखादा तडा, खांबावरची पानाची पिंक, एवढी खूण पुरते. इंडिकेटरवर बाराच्या जागी पंधरा डब्यांचा आकडा आला, की हे सगळे थिजलेले लोक एकदम हलतात. आणि ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली, तर पुलाच्या जिन्यावर जे होतं त्याला धावणं म्हणता येत नाही. एक अख्खा फलाट दुसऱ्या फलाटावर ओतला जातो. घोषणा करणारा आवाज मात्र शांतपणे दिलगिरी व्यक्त करत राहतो. त्या आवाजाला बहुधा कधी कुठे वेळेवर पोचायचं नसतं.

आत शिरल्यावर पहिलं वाक्य एकच. ‘कुठे उतरणार?’

या एका प्रश्नावर आमच्या मधल्या लेडीज डब्याचं सारं समाजशास्त्र उभं आहे. बसलेलीला उभी असलेली विचारते. बसलेली म्हणते, ‘घाटकोपर, पण दिलीय.’ म्हणजे ती उठल्यावर त्या जागेवर कोण बसणार हे आधीच ठरलंय. आणि तिच्यानंतर कुणी, तेही कदाचित. जागेचे हे वायदे ना कुठे लिहिलेले असतात, ना कुणी साक्षीदार असतो, पण मोडले तर भांडण कोपरपासून कुर्ल्यापर्यंत पुरतं. घाटकोपर हे त्यातलं मोठं नाणं. 2014 मध्ये तिथून वर्सोव्याची मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीला जाणारं निम्मं जग दादरऐवजी घाटकोपरला उतरू लागलं. तेव्हापासून घाटकोपरवालीला डब्यात जरा जास्तच मान आहे. सीएसएमटीवालीकडे कुणी पाहतही नाही. ती शेवटपर्यंत बसणार, तिचा उपयोग काय?

एक बाई कित्येक वर्षं माझ्या समोर बसतात. त्या कुर्ला आहेत. त्यांचं नाव मला माहीत नाही, मुलं किती, नवरा काय करतो, ठाऊक नाही. मध्ये त्या बरेच दिवस दिसल्या नाहीत, तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, ‘कुर्ला हल्ली येत नाही, नाही का?’ आणि दुसरी लगेच म्हणाली, ‘मग ती सीट आता कुणाची?’ ती वाईट बाई नव्हती. रोज दीड तास गर्दीत उभं राहिलं, की माणूस आधी जागा म्हणून दिसतो आणि मग, सवड झालीच, तर माणूस म्हणून. लोकलच्या प्रवासानं शरीर शिणतं, पाठ धरते, गुडघे जातात, याबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्याहून भीती वाटते ती नजरेत होणाऱ्या या बदलाची. जाड बाई चढली की अख्खा डबा तिच्याकडे ज्या नजरेनं पाहतो, ती नजर घरी जाताना आपण फलाटावर ठेवून जातो का, याची मला खात्री नाही.

रेल्वेच्या कागदोपत्री या गर्दीला एक नाव आहे. एका चौरस मीटरला 14 ते 16 उभी माणसं झाली, की ती अतिदाट गर्दी. घरी फरशीवर एक चौरस मीटर आखून पाहावा आणि त्यात सोळा नातेवाईक उभे करावेत. निदान लग्नकार्यात कोण कुणाशी बोलत नाही, याचा निकाल लागेल.

पण या वाटेवर खरी कसोटी दिव्याला असते. दिवा हे एकेकाळी रुळांच्या फाट्यावरचं, खाजणाकाठचं गाव. वसईकडे आणि पनवेलकडे जाणारे मार्ग इथून फुटतात. डोंबिवलीत घर परवडेना तेव्हा माणसं दिव्यात आली आणि दिवा बघता बघता माणसांनी भरलं. गाड्या मात्र आधीच भरून येत होत्या. दिवेकरासमोर रोज सकाळी दार येऊन थांबायचं आणि आतून कुणी हलायचं नाही. 2 जानेवारी 2015 ला डोंबिवलीजवळ बिघाड होऊन गाड्या खोळंबल्या आणि दिव्यात लोक रुळांवर उतरले. दगडफेक झाली, रस्त्यावरची वाहनं जळली. पुढच्या वर्षी, डिसेंबर 2016 मध्ये, दिव्याला जलद गाड्यांचा थांबा मिळाला. त्यावर दिवेकरांना झाला तेवढाच आनंद कल्याण-डोंबिवलीच्या डब्यांतून नाराजी होऊन उमटला. ‘आता इथंही थांबणार!’ असं म्हणणाऱ्या बाईचं माहेर दिव्यातच होतं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

काही दिवेकर आणि कोपरकर दुसरा मार्ग काढतात. ते डोंबिवलीकडे येणाऱ्या गाडीत उलटे बसतात आणि तीच गाडी डोंबिवलीहून मुंबईला सुटते तेव्हा खिडकीशी आरामात असतात. डोंबिवलीकर याला अन्याय म्हणतात. दिव्याहून पाहिलं तर तो साधा व्यवहार आहे. दोघांची बाजू खरी, आणि दोघांनाही पुरेल एवढी गाडी नाही, ही तिसरी बाजू दोघंही विसरतात. भांडायला समोर शेजारी असतो, वेळापत्रक करणारा नसतो.

दिव्यानंतर पूर्वी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची. 1916 साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब. आमच्या पिढीचं त्या अंधाराशी नातं होतं. बोगदा आला की आवाज इतका वाढायचा की बोलणं आपोआप थांबायचं. फोन तुटायचे. सासूबद्दलचं वाक्य अर्धं राहायचं आणि पलीकडे उजेडात आल्यावर बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. अख्ख्या प्रवासात तेवढीच मिनिटं अशी, की कुणी कुणाकडून काही मागू शकत नव्हतं. काही जणी तेवढ्यात डोळे मिटून घेत. मला वाटतं, त्या झोपत नसत, फक्त उपलब्ध नसत.

2022 च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि रूळ वाटून दिले गेले. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना मिळाला आणि फास्ट लोकल डोंगराला वळसा घालून मुंब्रा, कळव्याच्या बाजूनं जाऊ लागली. वाट तशी देखणी. एका अंगाला मुंब्रादेवीचा डोंगर, पावसाळ्यात त्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेषा. दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिच्या कडेची तिवरं. ज्यांना खिडकी मिळते ते मोबाइल बघतात. दारातल्यांना खाडीचा वारा लागतो. आणि मुंब्र्याला एक वळण आहे, तिथे गाडी कलते. उभी असलेली सगळी माणसं एका बाजूला येतात, तेव्हा आधाराला वरची कडी नसते, समोरची पाठ असते.

9 जून 2025 च्या सकाळी याच वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दोन्हींच्या दारांत लटकलेली माणसं रुळांवर पडली. चौघांचा मृत्यू त्याच दिवशी झाला. पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्या, असं सुरुवातीला सांगण्यात आलं. मग रुळांबद्दल, वळणाबद्दल बोललं गेलं. बॅगेचं कारण ऐकून आमच्या डब्यात एक मुलगी म्हणाली, ‘बॅगेत डबा होता त्यांच्या.’ एवढंच. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच वळणावरून गेली. आत सगळ्यांना कळलं की आपण तिथे आलोय, कारण बोलणं थांबलं. बोगद्यात थांबायचं तसं, पण या वेळी आवाज गाडीचा नव्हता. कळव्याला पुन्हा सुरू झालं.

पुरुष हौसेनं लटकतात, असं म्हणायची एक पद्धत आहे. काही पोरं लटकतातही. पण बायकांच्या डब्याच्या दारात ऑफिसची पर्स पोटाशी धरून, एक पाय आत आणि एक जवळपास बाहेर अशी जी चाळिशीतली बाई उभी असते, तिला कसली हौस? तिच्या मागे आत जायला जागा नाही आणि पुढच्या गाडीत ती वेळेवर पोचणार नाही, या दोन गोष्टींच्या मध्ये ती उभी असते.

ही फट काही आपोआप तयार झालेली नाही. बोरीबंदर ते ठाणे गाडी 1853 मध्ये धावली आणि दुसऱ्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हा डोंबिवली वाटेवरचं खेडं होतं. पुढे गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतली कुटुंबं वाढली, खोल्या वाढल्या नाहीत. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे वाजायचे बंद झाले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. त्यात काम करणाऱ्यांना जवळपास राहणं परवडेना. मग माणसं रुळांच्या कडेकडेनं मागे सरकत गेली: आधी मुलुंड-ठाणे, मग डोंबिवली, मग बदलापूर, टिटवाळा. कामं मुंबईतच राहिली. इकडे घराची अर्धी किंमत चौरस फुटांत देतात आणि उरलेली मिनिटांत. बँकेचा हप्ता वीस वर्षांत फिटतो. मिनिटांचा हप्ता निवृत्तीपर्यंत चालतो.

टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा वाटलं होतं, सुटलो. 2020 च्या मार्चपासून आमच्यासारख्यांना ऑफिसच्या वेळी लोकल बंद, ती दोन लसी घेतलेल्यांसाठी उघडली पुढच्या वर्षीच्या 15 ऑगस्टला. सुरुवातीला स्वर्ग होता. मग हळूहळू मैत्रिणी फोनवर चमत्कारिक बोलू लागल्या. एकीला मटार सोलायला वेळ मिळेना. एरवी ती परतीच्या गाडीत सोलायची. एकीला रडायला जागा नव्हती. लोकल चांगली होती असा याचा अर्थ मुळीच नाही. दोनशे अनोळखी बायकांत कोंबून उभं राहिल्यावरच जिला एकांत मिळतो, तिच्या घराबद्दल कुणीतरी कधीतरी विचारलं पाहिजे.

मुंब्र्याच्या अपघातानंतर बातमी आली की लोकलच्या साध्या डब्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवणार; हवा यावी म्हणून दारांना झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रं, एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. त्या दिवशी परतीच्या गाडीत यावरून जे रणकंदन झालं ते भायखळ्यापासून ठाण्यापर्यंत टिकलं. एक म्हणाली, फार बरं होईल, रोज जीव मुठीत धरून यायला नको. दुसरीनं एसी लोकलचा दाखला दिला: दारात माणूस अडकला की दार लागत नाही, दार लागेपर्यंत गाडी हलत नाही आणि मागच्या सगळ्या गाड्या रांगेत उभ्या. तिसरी, जी रोज दारातच असते, ती बराच वेळ गप्प होती. मुलुंड गेल्यावर ती म्हणाली, ‘दार लावतील ते ठीक आहे. पण मला आत घेऊन लावणार की बाहेर ठेवून?’ कुणीतरी हसलं. मग ठाणं आलं, उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या एकमेकींवर आदळल्या, आणि तिला दारातून हलावंच लागलं.