कामठ्याचा कॉम्प्युटर अमेरिकेत अडकला तेव्हा

परवा कपाट आवरताना 'गांधी' सिनेमाची डीव्हीडी हाती लागली. मागच्या बाजूला पृथ्वीचं छोटं चित्र आणि त्यात 1 हा आकडा. त्या एका आकड्याने आमच्या शाळेत काय गोंधळ घातला होता, ते आज लिहूनच टाकतो.

गोष्ट 2007 ची. कामठ्यातल्या आणि आजूबाजूच्या लोकांच्या वर्गणीतून शाळेत एक कॉम्प्युटर आला होता. अमेरिकेत असलेल्या आतेभावाने ही डीव्हीडी पाठवली. तिकडच्या दुकानातून रीतसर, पैसे मोजून घेतलेली. मी पोरांना म्हटलं, 2 ऑक्टोबरला सगळे मिळून पाहू.

डिस्क घातली तर स्क्रीनवर सूचना: रीजन जुळत नाही, बदलायचा का? मी 'हो' केलं. सिनेमा सुरू! सिनेमा 191 मिनिटांचा आणि आपल्याकडे तेव्हा लोडशेडिंग. एका बैठकीत कुठला होतो? तीन तुकड्यांत पाहिला. मधल्या दिवसांत पोरांना नागपूरहून आणलेला प्राण्यांचा सिनेमा हवा असायचा. तो घातला की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा 'हो'. सूचनेत खाली 'इतके बदल शिल्लक' असंही लिहिलेलं होतं म्हणे. कोण वाचतो जी!

पाचव्या 'हो'नंतर गांधीजी पूर्ण पाहून झाले आणि ड्राइव्ह कायमचा 1 वर, म्हणजे अमेरिका-कॅनडावर अडकला. नागपूरची डिस्क चालेना. हिंदी सिनेमे चालायचे, कारण आपल्या कंपन्या बहुतेक वेळा सगळ्या रीजनसाठी डिस्क काढायच्या. पण इथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच इंग्रजी सिनेमांवर भारताचा 5 हा आकडा असायचा. ते सगळे बंद.

"गुरुजी, वर्गणीचा कॉम्प्युटर तुमीच बिघडवला का जी?" पारावर एकाने हसत विचारलं. हसला तो, पण मला रात्री झोप लागली नाही.

गोंदियाहून एक पोरगा आला. त्याने विंडोज काढून नवीन टाकलं. फरक शून्य. पडणार कसा? मोजणी विंडोजमध्ये नसतेच, ड्राइव्हच्या आतल्या चिपमध्ये असते. 2000 पासून निघालेल्या ड्राइव्हमध्ये हे कुलूप कारखान्यातच बसवलेलं यायचं. त्याआधीच्या ड्राइव्हमध्ये तपासणी फक्त सॉफ्टवेअर करायचं, त्यामुळे वाट निघायची. मग त्याने कॉपी करणारं सॉफ्टवेअर लावलं. ते कॉपीतून रीजनचा आकडा पुसून टाकतं, हे खरं. पण आधी डिस्क वाचता तर यायला हवी! काही ड्राइव्ह दुसऱ्या रीजनची डिस्क दिसली की तोंडच उघडत नाहीत. आमच्या ड्राइव्हने त्या सॉफ्टवेअरला दाद दिली नाही. शेवटी व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर कामी आला. तो ड्राइव्हला किल्ली मागत बसत नाही, स्वतःच शोधून काढतो. प्राणी परत आले आणि मी सुटलो.

ही किल्ली फोडण्याचा प्रोग्राम 1999 मध्ये जगभर पसरला, तेव्हा त्यात हात असलेला नॉर्वेचा यॉन योहानसेन जेमतेम पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला झाला आणि 2003 मध्ये तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डिस्क पाहणं हा गुन्हा नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात 65अ कलम आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पण हक्काचा भंग करण्याचा हेतू असेल तरच. हा 'हेतू' शब्द तिथे आहे, हे फार बरं झालं.

राग मात्र अजून गेलेला नाही. सिनेमा कोणाचा? 'गांधी'! शूटिंग भारतात, पैशात आपल्या सरकारी एनएफडीसीचा वाटा, कस्तुरबा आपल्या रोहिणी हट्टंगडी, कपड्यांसाठी ऑस्कर घेणाऱ्या भानु अथैया कोल्हापूरच्या. आणि अमेरिकेत घेतलेली त्याची डिस्क कामठ्यात लावली तर मशीन विचारतं, तुम्ही कोणत्या देशातले?

कशासाठी? तर सिनेमा तिकडे आधी, इकडे नंतर आणि वेगळ्या भावाने विकता यावा म्हणून. आता डिस्क गेल्या, पण मोबाइलवर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' येतंच. डिस्क निदान कपाटात तरी राहते.

तर मंडळी, माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. कोणाकडे चालू डीव्हीडी ड्राइव्ह पडून असेल तर कळवा, नातवाला हा सिनेमा दाखवायचा आहे. ड्राइव्ह 1 वर अडकलेला असला तरी चालेल, उलट बरंच.