फळीचा ठसा

दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये शिरलो की मी आधी वर बघतो. 1596 पासून चर्च असलेल्या या जागी आजची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी 1974 ते 77 मध्ये बांधली. काँक्रीटची कवचं वर निमुळती होत जातात, माथ्यावरून उजेड उतरतो, तिथे चित्रकार हुसेन यांची कला. लोक ती बघतात. मी सुतार, मला सेंट्रिंग दिसतं, लाकडी साचा. काँक्रीट पडण्याआधी कुणीतरी हा सगळा आकार लाकडात उभा केला होता.

माझं घोडं अडतं ते दुहेरी वळणावर. फळी एका अंगाला वाकते, दोन्ही अंगांना नाही. घेर वर कमी होत जातो, तशी फट पडते. फटीत पाचर मारली की सांधे वाढतात, सांध्यातून सिमेंटचं पाणी सुटतं आणि साचा काढल्यावर खडी उघडी पडते. मेक्सिकोत वास्तुविशारद फेलिक्स कांडेलांनी चर्चची वक्र छतं सरळ फळ्यांवर ओतली, पण त्या छतांचा आकारच सरळ रेषांतून निघणारा. घुमटाला ती सवलत नाही.

वसईकडच्या एका चॅपेलच्या छतावर मी पाचरी मोजत बसलो होतो. हाताखाली बराकपूरचा मुलगा, घरी गंगेवरच्या होड्या दुरुस्त करणारा. त्यानं पाचर घेतलीच नाही. एकेक फळी वरच्या टोकाकडे रंध्यानं निमुळती केली, कडेला हलका कोन दिला, शेजारच्या फळीला भिडवून पाहिली, पुन्हा उतरवली. "मिस्त्री, वळण फळीतच काढायचं," एवढंच म्हणाला. तेव्हापासून मी आखणी फळीगणिक करतो. वेळ दुप्पट जातो.

आता ॲल्युमिनियमचे साचे आलेत. मजल्यामागून मजला तोच, सुताराची गरज नाही. ज्यांना तेही जमत नाही, ते राहिलेला दोष "प्लॅस्टरमध्ये घेऊ" म्हणतात. या वाक्याचा मला मनस्वी राग येतो. काँक्रीटवर लाकडाच्या रेषा उमटतात, तेवढीच आमची सही.

चॅपेलच्या छतावर त्या रेषा तळापासून माथ्यापर्यंत अखंड गेल्यात. फादर म्हणतात, पांढरा रंग देऊ, आत उजळेल. उजळेल, हे खरंच. तरी मी अडून बसलोय. येणाऱ्याजाणाऱ्यानं मान वर करून विचारावं, हे कुणी केलं, असं मला वाटतं. निम्म्या फळ्या त्या मुलाच्या हातच्या आहेत, आणि विचारणाऱ्याला मी आधी माझं नाव सांगेन, हेही मला ठाऊक आहे.