अभनपूरचा पाऊस आणि चाकांवरचे घर

रायपूरहून दक्षिणेस निघालेला रस्ता अभनपूरला दुभंगतो. एक फाटा महानदी, पैरी व सोंढूर यांच्या संगमावरील राजिमकडे, तर दुसरा, राष्ट्रीय महामार्ग क्र. ३०, धमतरीवरून बस्तरकडे जातो. वाचकहो, जुन्या मोटारीतले फिरते घर घेऊन आपण पावसाळ्यात या वाटेने जाणार असाल, तर निघण्यापूर्वी त्याची शाकारणी अवश्य करा. कौलारू घराची गळती तत्काळ दिसते. या घराची मात्र पुष्कळदा भिंतीतील लाकडी सांगाडा कुजवूनच प्रकट होते.

पाणी ठिबकते तेथेच ते शिरले असेल, असे समजू नका. छताच्या सांध्यातून आलेला थेंब सांगाड्याच्या कडेने वाहत जाऊन दूर उशाशी टपकतो. म्हणून घरातील वीज बंद करून एकाने आत विजेरी घेऊन बसावे. दुसऱ्याने बाहेरून नळीने मंद पाणी सोडावे. प्रथम भिंतीचा खालचा भाग, मग खिडकीची चौकट, शेवटी छत. वरून आरंभ केल्यास ओघळ सारेच भिजवतो आणि खरे छिद्र लपते.

ते सापडले, की जुने लुकण खरवडून काढा, जागा पूर्ण वाळू द्या, मगच नवे भरा. ओल आत कोंडली, तर दुरुस्तीच घराचा घात करते. एवढी दक्षता घेतलीत, तर अभनपूरच्या भातशेतांवरचा पाऊस आपण निश्चिंत मनाने ऐकाल.