दुसऱ्या मजल्यावरचा गाळा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज निमित्त झालं एका पाकिटाचं. मागच्या आठवड्यात कुरिअरवाला जोतिबाच्या पायऱ्यांवरच्या गर्दीतून वाट काढत आमच्या दुकानात आला आणि एक जाडजूड पाकीट देऊन गेला. आत संमतिपत्र. नवी मुंबईतला आमचा मॉल पाडून तिथे राहत्या इमारती बांधायच्या आहेत, तरी गाळेधारकांनी सही करून पाठवावी, असा मजकूर.

"आमचा मॉल" म्हणजे काय, तर दुसऱ्या मजल्यावरचा १४० चौरस फुटांचा एक गाळा! बऱ्याच नातेवाइकांना हे ठाऊकच नाही. आज सांगूनच टाकते.

२०१० साली मी शाळेतून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे पैसे हातात आले. एवढी रक्कम आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. मुलगा तेव्हा नवी मुंबईत नोकरीला होता. त्याने त्या मॉलचं रंगीत माहितीपत्रक आणलं. सरकते जिने, काचेची लिफ्ट, आत थंडगार हवा. गाळा घ्यायचा, भाड्याने द्यायचा आणि दरमहा भाडं मोजायचं. जणू दुसरी पेन्शनच!

ह्यांना कागद दाखवले. ह्यांचं सारं आयुष्य पायऱ्यांवर गुलाल-खोबरं विकण्यात गेलेलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, दुसऱ्या मजल्यावर गिऱ्हाईक कशाला चढंल? वर देव हाय व्हय?"

मी हसले. मी बी.ए., हे सातवी पास. मनात म्हटलं, ह्यांना काय कळतंय त्यातलं. आणि सही केली.

पहिली तीन वर्षं बरी गेली. एका खेळण्यांच्या दुकानदाराने गाळा घेतला होता. मग शेजारचे दोन गाळे बंद झाले, मग समोरचा. आमचा भाडेकरूही उठला. भाडं थांबलं, पण मेंटेनन्सचं बिल काही थांबेना! जिने सरकत होते, दिवे जळत होते, हवा थंड होत होती आणि त्याचे पैसे आम्ही भरत होतो. शेवटी जिनेही थांबले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुलूप लागलं ते पुन्हा धड निघालंच नाही. त्याआधी एकदा मुलाबरोबर गेले होते. भर दुपारी आत अंधार, शटरं ओढलेली. यात्रा उठल्यावर डोंगर शांत होतो, पण ती शांतता वेगळी. पुढच्या रविवारी माणसं येणार हे ठाऊक असतं.

असं का झालं, हे शोधायचा नाद मला मग लागला. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

तेव्हा कळलं की आपण एकटेच नाही. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये 'क्रॉसरोड्स' सुरू झाला, देशातल्या पहिल्या मॉलपैकी एक. सुरुवातीला एवढी झुंबड उडायची की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसेल तर आत जायला ६० रुपये मोजावे लागत. तोच मॉल पुढे 'सोबो सेंट्रल' झाला, ओस पडला, कर्जात रुतला. शेवटी २०२३ मध्ये के. रहेजा कॉर्पने तो ४७६ कोटींना घेतल्याच्या बातम्या आल्या. नाइट फ्रँक या संस्थेच्या पाहणीत २०२३ साली देशातल्या आठ मोठ्या शहरांत ६४ 'घोस्ट' म्हणजे भुताचे मॉल निघाले. चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असली की मॉल त्या यादीत जातो.

सगळेच मॉल बुडाले असंही नाही. लोअर परळला गिरणीच्या जागेवरचं फिनिक्स अजून गजबजलेलं आहे. फरक कुठे आहे? तिथे जागेचा मालक एक आणि दुकानं भाड्याची. कुठल्या मजल्यावर कुठलं दुकान हवं, हे तो मालक ठरवतो. एखादं चाललं नाही तर दुसरं आणतो. आमच्या मॉलमध्ये बिल्डरने गाळे सुटे सुटे विकले, पैसे घेतले आणि तो मोकळा झाला. मागे उरले आम्ही, शेकडो मालक. कुणी शिक्षक, कुणी एस.टी.तून निवृत्त, कुणी दुबईला. छप्पर गळलं तर बोलवायचं कुणाला, इथपासून भांडण. शेजारी मोठा नवा मॉल उभा राहिला, लोक घरबसल्या मोबाइलवर वस्तू मागवू लागले आणि आमचं दुकान आटोपलं.

बंदिस्त, वातानुकूलित मॉलची कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली व्हिक्टर ग्रूएन यांनी. व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार, १९३८ मध्ये नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत गेले. १९५६ साली मिनेसोटात त्यांचा 'साउथडेल' उघडला. त्यांच्या मनात होता गावचा चौक. भोवती घरं, शाळा, दवाखाना, तळं असं सगळं त्यांनी नकाशात काढलं होतं. उभा राहिला तो फक्त बाजार आणि भोवती गाड्यांचं मैदान. म्हातारपणी त्यांनी या मॉलांचं पितृत्वच नाकारलं! आणि आता? तिकडे ओहायोतला रँडल पार्क मॉल पाडून त्या जागी २०१८ मध्ये ॲमेझॉनचं गोदाम सुरू झालं. ज्याने दुकानं बसवली त्याचंच गोदाम. साउथडेलच्या आवारात मात्र राहती घरं उभी राहिली. म्हणजे ग्रूएन यांच्या नकाशातलं थोडंफार उशिरा का होईना, झालं.

हे वाचताना मला ह्यांचं ते वाक्य आठवलं. वर देव हाय व्हय?

आमच्या पायऱ्यांवर कुणी खरेदीला येत नाही. माणसं माघातल्या खेट्यांना कोल्हापुरातून अनवाणी चालत येतात, चैत्रात सासनकाठ्या नाचवत येतात, रविवारी लेकराबाळांना घेऊन येतात. येतात ती देवासाठी. जाता जाता गुलाल, खोबऱ्याची वाटी, दवणा घेतात. दुकान वाटेवर आहे म्हणून चालतं. मॉलमध्ये माणसाला येण्याचं एकच कारण होतं, ते दुसरीकडे स्वस्त मिळालं की संपलं.

म्हणून सध्या जरा धाकधूक वाटते. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने जोतिबाच्या आराखड्याला २५९ कोटी ५९ लाखांची मंजुरी दिली. सोयी व्हायलाच हव्यात, चैत्रात इथले हाल मी पन्नास वर्षं पाहते आहे. पण दुकानांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "एक झकास कॉम्प्लेक्स बांधा आणि सगळ्यांना गाळे द्या." तेव्हा मी न राहवून सांगते, बाबांनो, बांधा, पण वाटेवर बांधा. वाट सोडून आत, वरच्या मजल्यावर गेलात तर काय होतं ते मला विचारा.

आता खरं अवघड. माझ्या शब्दावर आमच्या शाळेतल्या एका बाईंनीही त्याच मॉलमध्ये गाळा घेतला होता. "तुम्ही घेताय ना बाई, मग मीही घेते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि मीही तो विषय कधी काढला नाही. लग्नकार्यात भेटलो की मीच घाईने दुसरं काही बोलायचे.

पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनाही तेच पाकीट आलेलं. म्हटलं, "बाई, माझं चुकलं. मी तुम्हाला भरीला घातलं." त्या म्हणाल्या, "सही माझ्याच हातानं केली होती ना?" मग दोघींनी चहा घेतला आणि ते संमतिपत्र ओळीओळीने वाचलं. पेपर तपासताना वाचायचो तसं, लाल पेन घेऊन. सह्या अजून केलेल्या नाहीत. पैसे कधी मिळणार याची तारीख त्यात कुठेच नव्हती. ती लिहून द्या, असं पत्र दोघींच्या नावाने पाठवलं आहे.

हे असते तर हसले असते. असो.

चांगभलं!