भिंतींना तोंड असतें

भिंतींना कान असतात, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. पण भिंतींना तोंडहि असतें, हें आम्हांस फैजपूरच्या आमच्या दाजींमुळें कळलें. त्यांची सारी नोकरी परगांवच्या एका कारखान्याच्या यंत्रशाळेंत झाली. एकदां ते आम्हांस ती दाखवावयास घेऊन गेले. खालीं फरशी, चहूंकडे गुळगुळीत भिंती, वर पत्रा. "मागें सरा!" असें ते ओरडले. आम्हांस आवाज ऐकूं आला, शब्द मात्र कळला नाहीं. आम्ही नेमके पुढें सरलों. त्यांनीं हात धरून ओढलें, म्हणून आज या चार ओळी लिहीत आहों.

आवाज तर मोठा होता. मग शब्द गेला कोठें? भिंती पहिल्या अक्षराचा निनाद संपूं देत नाहींत, तोंच दुसरें अक्षर त्यावर येऊन पडतें. १८९५ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचें एक व्याख्यानगृह असेंच निरुपयोगी ठरलें होतें. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकानें शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं आणून तेथें मांडल्या आणि निनाद किती सेकंद टिकतो तें मोजलें. त्यांतून नियम निघाला: घनफळ वाढेल तसा निनाद लांबतो, ध्वनि शोषणारा पृष्ठभाग वाढेल तसा तो आंखडतो. समजा, यंत्रशाळा ४० मीटर लांब, २० रुंद व १० उंच आहे आणि तिचे सर्व पृष्ठभाग ध्वनीचा विसावा हिस्साच शोषतात. निनाद सुमारें ९ सेकंद टिकेल. नुसत्या छताला शेंकडा ७० ध्वनि शोषणारें अस्तर लावा. तो सुमारें २ सेकंदांवर येतो.

खानदेशी माणसास यांत नवल वाटूं नये. जिनिंगच्या कोठारांत कापसाचे ढीग असतात तोंवर हांक जवळच विरते. हंगाम सरून कोठार रितें झालें कीं साधा खोकलाहि घुमतो. १९३६ च्या डिसेंबरांत फैजपुरास कांग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन भरलें, तेव्हां नंदलाल बोस यांनीं बांबू, गवत अशा साध्या साहित्यानें नगर सजविलें. हेतु साधेपणाचा होता. पण गवत आवाज पितें आणि उघडें आकाश तो परत धाडीत नाहीं. आम्हीं पक्कें बांधूं लागल्यावर हें सौख्य गमावलें.

अस्तरानें सर्व कांहीं साधतें असें नव्हे. यंत्राशेजारीं उभ्या असलेल्याच्या कानावर थेट येणारा आघात त्यानें टळत नाहीं; तेथें यंत्राला आवरण आणि कानांस बोळे हवेत. कारण कानांतील सूक्ष्म केशपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उपजत नाहींत.

दाजी आतां फैजपूरला घरींच असतात. नात कांहीं सांगूं लागली कीं ते "काय?" म्हणून विचारतात. ती पुन्हां सांगते, मग मोठ्यानें सांगते; तिसऱ्या खेपेस "कांहीं नाहीं, आजोबा" म्हणून खेळावयास निघून जाते. कारखान्याच्या अंदाजपत्रकांत पत्र्याची रक्कम होती, रंगाचीहि होती. कानांसाठीं एक ओळ तेवढी राहून गेली होती.