कॉर्दोबा नगरातील फुललेले चौक

स्पेनच्या दक्षिणेस, ग्वादलकिवीर नदीच्या काठी, कॉर्दोबा नावाचे प्राचीन नगर आहे. रोमन व अरब अशा दोन्ही राजवटी त्याने पाहिल्या. उन्हाळ्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो. जुलै-ऑगस्टात पावसाचे दर्शन क्वचितच घडते. अशा होरपळणाऱ्या गावातील घरांचे चौक फुलांनी डवरलेले असतात, हे ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल.

रस्त्यावरून पाहावे तर नुसती पांढरी भिंत. दारातून आत गेले की चौक लागतो. तो आपल्या जुन्या वाड्यांतील चौकासारखाच! मध्ये विहीर किंवा कारंजे, खाली गोट्यांची फरसबंदी आणि चुना दिलेल्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत टांगलेल्या मातीच्या कुंड्या. उंच भिंतींची सावली पडते. चुन्यामुळे ऊन परतते. फरशीवर शिंपडलेले पाणी वाळताना गारवा देते. जिरेनियमला ऊन मानवते, म्हणून त्याच्या कुंड्या भिंतीवर उजेडात. नेच्यासारखी नाजूक झाडे खाली सावलीत. प्रत्येक झाडाचा स्वभाव ओळखून त्यास जागा दिलेली असते.

उंचावरील कुंड्यांना पाणी घालण्याची युक्ती मोठी साधी आहे. लांब, हलक्या काठीच्या टोकास पत्र्याचा लहानसा डबा बांधतात. तो पाण्याने भरून वर उचलावयाचा आणि हळूच कलता करावयाचा. एका चौकात एक वृद्ध बाई हे काम करीत असताना आम्ही पाहिले. शेकडो कुंड्या, आणि प्रत्येकीस तिच्या गरजेपुरतेच पाणी! मातीची कुंडी उन्हात लवकर सुकते हे खरे; पण जिरेनियमची मुळे फार पाण्याने कुजतात, हेही तितकेच खरे.

पूर्वी अशा एका चौकाभोवती अनेक गरीब कुटुंबे राहत. विहीर, धुण्याची जागा व पुष्कळदा स्वयंपाकघरही सामाईक असे. फुलेही अर्थात सर्वांची. नगरपालिकेने १९२१ साली चौकांची स्पर्धा सुरू केली. आज ती दरवर्षी मे महिन्यात भरते, आणि त्याच महिन्याच्या आरंभी फुलांनी मढविलेले क्रूसही गावात ठिकठिकाणी उभारले जातात. २०१२ साली युनेस्कोने या चौकांच्या सणास मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

परंतु सण थोड्या दिवसांचा आणि पाणी वर्षभराचे. पाहुणे मे महिन्यात येतात. झाडांची खरी परीक्षा त्यानंतरच्या उन्हात होते. त्यातच अनेक कुटुंबे जुनी घरे सोडून नव्या इमारतींत गेली आहेत आणि कित्येक चौकांचा भार थोड्याच, वयस्क हातांवर उरला आहे. ते हात थकल्यावर डब्याची काठी कोण उचलणार? वारसा म्हणून मिळालेला मान कुंडीत पाणी घालीत नाही.

अथणी-गोकाकच्या कोरड्या भागांतील आमच्या बंधुभगिनींना हा प्रश्न परका वाटू नये. अंगणातील चार कुंड्यांसाठी तांदूळ-भाजी धुतलेले पाणी पुरते. ते सकाळी किंवा दिवस मावळताना, माती बोटाने चाचपून घालावे. मात्र हे काम एकट्या आजीवर सोडू नये. घरातील मुलास एक कुंडी नेमून द्यावी, आणि शेजारी परगावी गेल्यास त्याच्या झाडांचीही विचारपूस करावी. फूल देणारा परमेश्वर आहे. पाण्याचा तांब्या मात्र त्याने आपल्या हाती ठेविला आहे.