परीक्षेनंतरचं गाणं

परभणी

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं. गंगाखेड, पाथरी, सेलू, जिंतूरकडच्या संगीतशिक्षकांनी मिळून एक संघ काढायचं तुमच्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. संघानं नेमकं करायचं काय, असं तू विचारलंस. माझं उत्तर एकच आहे: मुलांना बैठकीत गायला बसवा. बाकीचं त्यामागून येईल.

संगीताच्या परीक्षेला आपल्याकडे मुलं भरपूर बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही हौसेनं फी भरतात. त्या निमित्तानं घरात सूर लागतो, हे चांगलंच आहे. पण परीक्षेच्या खोलीत परीक्षक सांगतील तेवढंच गायचं असतं. चार आलाप झाले की ‘आता ताना घ्या’. वीस मिनिटं राग मांडायचा, समोरच्या माणसाला धरून ठेवायचं, हे तिथं शिकता येत नाही. विशारद झालेली कितीतरी मुलं पुढं गात नाहीत, कारण त्यांना कुणी गायला बोलावलेलंच नसतं.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा शिष्यांना नुसते धडे दिले नाहीत. जलशांना बरोबर नेलं, लोकांसमोर गायला लावलं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास या शिकवणुकीतून उभे राहिले. 1931 च्या ऑगस्टमध्ये पलुस्कर मिरजेत वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. आपली मुलं प्रारंभिक ते अलंकार ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. पलुस्करांचेच शिष्य बी. आर. देवधर. त्यांनी 1936 मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत अकरा-बारा वर्षांच्या कुमार गंधर्वांना जाणकारांपुढं बसवलं. शिक्षकाच्या हातात केवढी ताकद असते, ते यावरून कळतं.

आपली खरी अडचण साथीची. तालुक्यात तयारीचा तबलजी एखादाच, आणि मुली गातात त्या पट्टीचा तबला शाळेत नसतो. मग रियाज मोबाईलवरच्या ठेक्याबरोबर. तो ठेका कुणाला सांभाळून घेत नाही. मागं एका मुलीचा यमन ऐकला. विलंबित एकतालात तिचा मुखडा उशिरा सुटला, सम निसटणार असं दिसलं. तबल्यावर दुसऱ्या गावचे शिक्षक होते. त्यांनी नवव्या-दहाव्या मात्रेचं ‘धागे तिरकिट’ जरा ठळक वाजवलं आणि तिच्याकडे बघून मान हलवली. पोरगी बरोबर समेवर आली. पुढची आवर्तनं ती न घाबरता गायली. संघ हवा तो यासाठी.

महिन्यातला एक रविवार ठरवा, गाव बदलत राहा. तीन मुलं, प्रत्येकाला वीस मिनिटं. साथीला शिक्षकांनीच बसायचं. बाहेरून कुणाला बोलावलं तर भाडं आणि मानधन संघानं द्यायचं, पालकांवर टाकायचं नाही. मुलींना शेवटच्या एसटीसाठी धावावं लागू नये म्हणून पाचच्या आत आटपा. आणि ‘माझा विद्यार्थी, तुझा विद्यार्थी’ ही भिंत पाडा: गाणं झाल्यावर मुलाशी दुसऱ्या शिक्षकानं बोलायचं, स्वतःच्या गुरूनं त्या दिवशी ऐकून घ्यायचं.

श्रोत्यांची काळजी करू नकोस. गंगाखेड जनाबाईंचं गाव. भजनी मंडळातल्या माणसांना आग्रहानं बोलाव. त्यांचा कान लयीला पक्का असतो आणि दाद मोकळी. त्यांच्यातल्या पखवाज वाजवणाऱ्या पोरांनाही वीस मिनिटं द्या. तेही आपलेच विद्यार्थी.

पहिली बैठक दिवाळीनंतर, परीक्षेच्या गडबडीआधी ठेवा. माझ्याकडच्या तंबोऱ्यांची जवारी काढून आणली आहे. दोन्ही संघाला देतो. तारीख ठरली की कळव.

तुझे,
सर